सच्चिदानंदबाबा लेखक होते

आयुष्यात कधी पाटीला हात न लावलेल्या बाईने सांगितलेली आणि दुसऱ्या कोणी कागदावर उतरवून घेतलेली ओवी, कहाणी किंवा जीवनकथा नेमकी कोणाची मानायची, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी डोके वर काढतो. पुरस्काराची यादी लागली, पाठ्यपुस्तकात एखादा उतारा घेतला गेला, की तो सुरू होतो. एक बाजू म्हणते, लेखक म्हणजे लिहिणारा. ज्याला अक्षरओळख नाही त्याच्याजवळ अनुभव असेल, गळा असेल, स्मरणशक्ती असेल, पण साहित्य घडते ते कागदावर, आणि म्हणून त्याचे श्रेय लिहून घेणाऱ्याचे. दुसरी बाजू तितक्याच आवेशाने सांगते की लिपी ही मूठभरांची मिरास होती, कागदावर उतरले की बोललेल्या शब्दाचा प्राण जातो, तेव्हा मौखिक परंपरेला लेखनाच्या तराजूत घालणेच मुळात चूक. या दोन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात उभ्या दिसतात, पण त्यांचे गृहीतक एकच आहे. रचणे आणि लिहिणे ही एकच क्रिया आहे, असे दोघीही धरून चालतात. माझ्या मते ही दोन वेगळी कामे आहेत, दोन्ही कसबाची आहेत, आणि मराठी वाङ्मयाच्या पहिल्या काही शतकांना हे आपल्यापेक्षा अधिक स्वच्छ ठाऊक होते. त्या काळाने दोघांचीही नावे नोंदवली. रचणाऱ्याचे नाव गाळण्याची सवय आपल्याला नंतर लागली, आणि ती मोडता येते.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस येणारी ओवी अनेकांना पाठ असते, पण तिच्यातल्या शेवटच्या दोन शब्दांपाशी आपण फारसे थांबत नाही. 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें । सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला ॥' शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. या चार चरणांत दोन माणसे आहेत आणि दोघांसाठी दोन वेगळी क्रियापदे आहेत. टीका 'केली' ज्ञानेश्वरांनी. 'लेखक' झाले सच्चिदानंदबाबा. म्हणजे मराठीतल्या सर्वांत मान्य ग्रंथाचा लेखक, त्या ग्रंथाच्याच शब्दांत, ज्ञानेश्वर नव्हेत. लेखक म्हणजे ऐकून लिहिणारा, लेखणी धरणारा. त्याला मान आहे, म्हणून त्याचे नाव ग्रंथात आहे आणि 'आदरें' हा शब्दही आहे. पण त्याच्यामुळे कर्त्याचे कर्तेपण उणे होत नाही. ज्ञानेश्वरांना लिहिता येत होते की नाही, असा प्रश्न तेराव्या शतकातल्या कोणाच्या मनात आला असेल का?

ही एका ग्रंथापुरती गोष्ट असती तर तिच्यावर एवढा भार टाकला नसता. पण जनाबाईंच्या नावाने गाथेत एक अभंग आहे, तो या संपूर्ण वादाला पुरेसा आहे. त्यात संतांचे बोल कोणी कोणी लिहिले याची यादीच दिली आहे. ज्ञानेश्वरांचे अभंग चिदानंदबाबांनी लिहिले, निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेवांनी, मुक्ताईची वचने खुद्द ज्ञानदेवांनी; चांगदेवांचा लेखक श्यामा कासार, सावता माळ्याचा काशिबा गुरव, आणि चोखामेळ्याचा अनंतभट्ट. यादी संपता संपता जनाबाई स्वतःविषयी सांगतात की नामयाच्या जनीचा लेखक साक्षात पांडुरंग. या अभंगाकडे क्षणभर नुसते पाहावे. कासार, गुरव, भट असे वेगवेगळ्या जातींचे लोक इथे लेखणी धरून बसले आहेत, आणि ज्या चोखोबांना देवळाच्या दाराबाहेर उभे केले गेले त्यांच्यासमोर एक भट लिहायला बसला आहे. घरकाम करणारी, दळणकांडण करणारी जनी आपला लेखक कोण हे सांगताना जराही संकोचत नाही. आपण लिहीत नाही ही तिला उणीव वाटत नाही, आणि आपले बोल लिहिले गेले पाहिजेत याबद्दल तिला शंकाही नाही. हा अभंग ऐतिहासिक जनाबाईंचाच की नंतर कोणी त्यांच्या नावावर घातलेला, हा वेगळा प्रश्न आहे. तो नंतरचा असला तरीही माझा मुद्दा ढळत नाही, उलट बळकट होतो: वारकरी समाजाला पिढ्यानपिढ्या कर्ता आणि लेखक ही जोडी इतकी स्वाभाविक वाटत होती की तिच्यावर अभंग रचला गेला आणि टिकला.

पुढे शाहिरीतही हेच दिसते. होनाजी बाळा हे आपण एका माणसाचे नाव असल्यासारखे उच्चारतो. होनाजी शिलारखाने गवळी, बाळा कारंजकर शिंपी. एक रचणारा, दुसरा गाणारा, आणि कवनाच्या शेवटी नाममुद्रा दोघांची मिळून. श्रेय वाटून घेतल्याने कोणाचे काही कमी झाले नाही.

मग शब्द फिरला कधी? न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात पहिली सभा भरली, ती 'ग्रंथकारां'ची होती. तोवर छापखान्याने कर्ता, लेखक, नकलाकार, पाठक या सगळ्यांना बाजूला सारून मुखपृष्ठावर एकाच नावाची जागा ठेवली होती, आणि ते नाव ज्याच्या हाती दौत-लेखणी त्याचेच असणार हे जवळजवळ ठरलेले होते. १८८५ च्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा जोतीराव फुल्यांनी न्यायमूर्तींना पत्र लिहून ते नाकारले. त्यांचा आक्षेप एवढाच होता की माणसाच्या सर्वसाधारण हक्कांचा विचार ज्या सभांत आणि ज्या पुस्तकांत होत नाही, त्यांच्याशी आमच्या सभांचा आणि आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही. हे पत्र बहुतेक वेळा केवळ सामाजिक रोष म्हणून वाचले जाते. मला त्यात ग्रंथकार या शब्दाच्या हद्दीवरचा वाद दिसतो: कोणाला पुस्तकाचा धनी म्हणायचे, हे ठरवायला नेमके कोण बसले आहे? लेखक हा जुना शब्द पुढे ग्रंथकाराच्या अर्थाने रूढ झाला आणि त्याचा मूळ अर्थ विसरला गेला, तेव्हा लिहू न शकणारे आपोआप कर्तेपणातून बाहेर पडले. कोणी ठराव करून त्यांना काढले नाही.

पहिल्या बाजूचे म्हणणे तिच्या सर्वांत बळकट रूपात मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. तिचा पहिला मुद्दा पुराव्याचा आहे. बोललेल्या शब्दावर मालकीची खूण राहत नाही. 'नामा म्हणे' असे शेवटच्या चरणात घालायला कोणाचीच हरकत नव्हती. ज्ञानदेवकालीन नामदेव आणि नंतरचे विष्णुदास नामा यांच्या रचना एकमेकींत अशा मिसळल्या की अभ्यासकांना त्या निवडताना नाकी नऊ आले. हे सर्व खरे आहे. पण लिहिलेले तरी शुद्ध कुठे राहिले? ज्ञानेश्वरी लिहून होऊन तीनशे वर्षे उलटली नव्हती तोच एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची प्रत शुद्ध करावी लागली. आणि यापुढे ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील, असे बजावावे लागले. ही सगळी भेसळ साक्षर हातांनीच केलेली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात व्यास सांगताहेत आणि गणपती लिहितो आहे ही आपल्या सर्वांची लाडकी कथाच मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. जगातली पहिली नावाने ओळखली जाणारी कवी म्हणून प्राचीन मेसोपोटेमियातल्या ऊर नगरीची पुजारीण एनहेदुआन्ना हिचा उल्लेख होतो. ती इसवी सनापूर्वी तेविसाव्या शतकाच्या सुमाराची, पण तिच्या नावावरची सूक्ते आपल्यापर्यंत आली ती काही शतकांनंतरच्या लेखनिकांनी मातीच्या पाट्यांवर केलेल्या नकलांमधून, आणि म्हणून तिच्या कर्तेपणावरही विद्वान शंका घेतात. कर्तृत्वाची खात्री करणे अवघड आहे, ही अडचण मौखिक रचनेची एकटीची नाही. लिखिताच्या बाबतीत आपण त्या अडचणीवर पाठचिकित्सेची मोठी शास्त्रे उभी केली. मौखिकाच्या बाबतीत 'कर्ता अज्ञात' असा शेरा मारून मोकळे झालो.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. लिहिताना माणूस थांबतो, मागचे वाचतो, खोडतो, रचना लांबवर पेलू शकतो. बोलणाऱ्याला हे साधत नाही, म्हणून लेखन ही वेगळ्या दर्जाची निर्मिती आहे. यात तथ्य आहे, आणि दीर्घ तर्कशुद्ध गद्याच्या बाबतीत ते मला पूर्ण मान्य आहे. पण तेवढ्यावरून निरक्षराला दीर्घ, बांधीव रचना करता येत नाही हा निष्कर्ष निघत नाही. मिलमन पॅरी हा अमेरिकन विद्वान होमरची महाकाव्ये मुखाने रचली गेली की लिहून, हा प्रश्न सोडवण्यासाठी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात गेला, तेव्हा १९३५ मध्ये त्याला अव्दो मेजेदोविच हा निरक्षर खाटीक भेटला. अव्दोने एकच वीरकाव्य सांगितले, ते बारा हजारांहून अधिक ओळींचे भरले. आणि समोर बसून ते कागदावर उतरवणाऱ्या निकोला वुय्नोविचचे नावही नोंदले गेले. आपल्याकडे लीळाचरित्र मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जातो. म्हाइंभटांनी ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून लीळा गोळा केल्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा पाठ असलेल्यांच्या आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला. त्यातला एक पाठ हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. कागद गेला, बाईचे पाठांतर राहिले, आणि परंपरेने त्या पाठाला तिचे नाव दिले.

आणि या मुद्द्यामागे जो दुटप्पीपणा आहे तोही बोलून दाखवला पाहिजे. इंग्रज कवी मिल्टन आंधळा झाल्यावर त्याने १६६७ साली प्रसिद्ध झालेले आपले महाकाव्य इतरांना सांगून लिहवून घेतले. ते लेखनिकांचे आहे असे कोणी म्हणते का? मग आसोद्याची बहिणाबाई चौधरी शेतात आणि जात्यावर रचत होती, मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ लिहून घेत होते, तेव्हा तिच्या कवित्वाला कसोट्या का लागतात? १९५१ साली ती गेली, त्यानंतर आचार्य अत्र्यांनी त्या कवितांना बावनकशी सोने म्हटले आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. मिल्टनला लिहिता येत होते आणि बहिणाबाईला येत नव्हते, एवढाच फरक असेल, तर आपण मोजतो आहोत ती निर्मिती नव्हे, शाळा. बहिणाबाईने जळगावचा छापखाना पाहिला आणि त्यावरही कविता केली. 'अरे होतो छापीसनी कोरा कागद शहाना' ही ओळ लिहिता न येणाऱ्या बाईची आहे. छापले की कोरा कागद शहाणा ठरतो, हे तिने आपल्या सर्वांच्या आधी पाहिले होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: लिहून घेणारा नुसता नळ नसतो, तो निवडतो, बदलतो, जोडतो, मग अर्धा कर्ता तोच नव्हे का? याचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, थोरल्या आत्याकडे मिळाले. माण तालुक्यातल्या तिच्या घरी मी ओव्या लिहून घ्यायला बसलो. खुर्चीत बसून तिला एकही ओवी आठवेना. शेवटी ती कोपऱ्यातल्या जात्यापाशी खाली बसली, रिकामे जाते फिरवायचे नसते म्हणून तिने मूठभर ज्वारीची वैरण घातली, खुंट्याला हात लावला, आणि पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर ओव्या येऊ लागल्या, त्या तासभर थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वही वाचून दाखवली. एका ओवीपाशी तिने हात वर केला. 'आसं न्हाई म्हनले मी,' ती म्हणाली. तिने 'बंधवाला' म्हटले होते, मी शुद्ध करण्याच्या भरात 'भावाला' लिहिले होते. 'तुज्या शब्दात जात्याचा फेरा पुरा हुत न्हाई.' मी मोजून पाहिले. एक अक्षर कमी पडत होते, आणि ज्या ठिकाणी तिचा हात खुंटा पुढे लोटतो नेमका तिथे सूर तुटत होता. जिला अ काढता येत नाही तिने माझे हस्तलिखित तपासले होते. लिहून घेणारा बदल करतो, हे खरे. पण म्हणून तो कर्ता होत नाही. बदल नाकारण्याचा अधिकार ज्याचा, कर्ता तो. हा अधिकार वापरायला मिळावा म्हणून लिहिलेले परत वाचून दाखवणे हे लेखनिकाचे पहिले कर्तव्य आहे, आणि बहुतेक संग्रहांत नेमके तेच झालेले नसते.

इथे चूक झाली की काय होते, याचे उदाहरण ग्वाटेमालातले आहे. रिगोबेर्ता मेंचू या किचे माया आदिवासी समाजातल्या तरुणीने आपली कहाणी सांगितली आणि एलिझाबेथ बुर्गोस यांनी ती ध्वनिमुद्रित करून, क्रम लावून १९८३ मध्ये पुस्तक केले. मुखपृष्ठावर लेखिका म्हणून नाव बुर्गोस यांचे होते. मेंचूंना १९९२ साली शांततेचे नोबेल मिळाले, तरी ते पुस्तक कोणाचे हा वाद मिटला नाही. आणि पुढे तपशिलांच्या खरेपणावर टीका झाली तेव्हा उत्तर द्यायला मात्र मेंचूंनाच उभे राहावे लागले. श्रेय एकीचे आणि जबाबदारी दुसरीची, ही कसली वाटणी? याउलट तमिळ प्रदेशातल्या विराम्मा या दलित शेतमजूर बाईची कहाणी तिघांच्या नावाने प्रसिद्ध झाली: आधी विराम्मा, मग ती ऐकून लिहिणारे जोझियान आणि जाँ-ल्युक रासीन. तेराव्या शतकातल्या ओवीने जे चार चरणांत केले, तेच या मुखपृष्ठाने केले.

आता दुसऱ्या बाजूकडे. मौखिक परंपरेच्या प्रेमापोटी जे लेखनालाच परके मानतात, त्यांच्याशी माझा मतभेद अधिक दुःखाचा आहे, कारण त्यांच्या मनातला राग न्याय्य आहे. लिपीवर पहारे होते, हे कोण नाकारील? पण पहारा होता म्हणून आतला ऐवज फोल ठरत नाही. महानुभाव पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या जुन्या ग्रंथात एक प्रसंग आहे. संस्कृतात रचना करू पाहणाऱ्या केशवदेवांना नागदेवाचार्य थांबवतात; अशाने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ग्रंथ नको म्हटले नाही. म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचेल असा ग्रंथ हवा म्हटले. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाई साळवेने १८५५ साली 'ज्ञानोदया'त मांगमहारांच्या दुःखावर निबंध लिहिला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आम्ही धर्मपुस्तकावाचून आहोत हे उघड आहे, हा तिचा युक्तिवाद तिच्या आईआजीने कदाचित मनात शंभरदा केला असेल. पण तो तिच्या हाताने लिहिला गेला, मध्ये कोणी सच्चिदानंदबाबा नव्हता, म्हणून तो आज जसाच्या तसा आपल्यासमोर आहे. पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर जोतीरावांनी डाव्या हाताने आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला. लिहून घ्यायला माणसे मिळाली नसती असे नाही. बेबी कांबळे यांनी फलटणला, दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लिहिले. या तिघांना कोणी सांगावे की लिपी तुमची नव्हे? ज्यांना लेखनिक भाड्याने किंवा भक्तीने मिळू शकतो त्यांनीच लेखन निरुपयोगी म्हणावे. ज्यांचे बोल मधल्या माणसाने दडपले, त्यांना स्वतःच्या हाताची किंमत ठाऊक असते. म्हणून प्रत्येकाला लिहिता यावे, हा आग्रह आणि न लिहिणारीही कर्ती असते, हे म्हणणे, यांत मला विसंगती दिसत नाही.

'निनावी' हा शब्द मात्र मराठी अभ्यासातून हद्दपार व्हावा, असे मला आतून वाटते. जात्यावरची ओवी निनावी नसते. ती पिढीजात असते, तिच्यात आधीच्या बायकांचे शब्द असतात, हे मान्य. पण जी बाई ती आज गाते ती तिच्यात आपल्या भावाचे नाव घालते, आपले गाव घालते, एक चरण मोडून दुसरा जोडते. तिला नाव असते. फक्त वही घेऊन गेलेल्याने ते विचारलेले नसते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांच्या मदतीने गावोगावच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला, आणि ओवीपाशी ती सांगणाऱ्या बाईचे आणि तिच्या गावाचे नाव आहे. एवढ्या पसाऱ्यात जर हे शक्य झाले, तर दोनशे पानांच्या संग्रहात 'पारंपरिक' एवढाच शब्द छापण्याला कोणते कारण उरते?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. लोकसाहित्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत आणि पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक ओवीखाली दोन नावे हवीत, रचून गाणारीचे आणि लिहून घेणाऱ्याचे. मानधन असेल तर तेही दोघांत वाटले जावे. जुन्या संग्रहांसाठी हे काम आत्ताच करावे लागेल. अभ्यासकांच्या कपाटांत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटी पडून आहेत, त्यांच्या पाठीवर संग्राहकाचे नाव, तारीख आणि फार तर तालुका असतो. त्या फितीवरचा आवाज ऐकून ही माझी आई, ही माझी सासू, असे सांगू शकतील अशा मुली आणि सुना आज साठी-सत्तरीत आहेत.